कामाची सांगता

व्रत घेणे जितके महत्त्वाचे तितकेच त्याचे उद्यापनही महत्त्वाचे, हे आपल्या घराघरांतून लहान मुलांनाही ठाऊक असते. उद्यापन झाल्याखेरीज व्रत पुरे झाले असे कोणी मानीत नाही. व्यापारधंद्यात मात्र या नियमाचा आपणांस बहुधा विसर पडतो. नवे काम मिळाले की पेढे वाटले जातात, मुहूर्त पाहिला जातो, मालाच्या पहिल्या गाडीपुढे नारळ फुटतो. तेच काम संपत आले म्हणजे मालकाचे लक्ष पुढील कामाकडे वळते, मागे राहिलेले चार धागे एखाद्या कारकुनावर सोपविले जातात, आणि ते काम 'जवळजवळ पुरे' या अवस्थेत महिनोन् महिने पडून राहते. धड ते चालू नसते, धड संपलेलेही नसते. ग्राहकाकडून अंगावर घेतलेल्या कामाची सांगता नीट कशी करावी, या काहीशा दुर्लक्षित विषयाचा प्रस्तुत लेखात विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

काम संपविण्यास आपल्या भाषेत 'हातावेगळे करणे' असा मोठा अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहे. हात मोकळा झाला पाहिजे, हा त्याचा अर्थ. ग्राहकाचे काही आपल्या हातात राहिले असेल, किंवा आपले काही त्याच्याकडे अडकले असेल, तर काम हातावेगळे झाले असे म्हणता येणार नाही. यांपैकी आपले जे अडकलेले असते त्याची आठवण आपणांस कोणी करून द्यावी लागत नाही. ग्राहकाचे जे आपल्याकडे असते त्याचा मात्र विसर पडतो. म्हणून सांगतेची कसोटी आमच्या मते एकच आहे : ग्राहकाने मागण्यापूर्वी त्याचे सर्व त्याच्या हाती पडले काय? माल, ठेव, हिशेब आणि कागद या चारही बाबतींत ही कसोटी कशी लागू पडते ते क्रमाने पाहू.

शेवटचा दहावा हिस्सा

प्रथम पैशाची गोष्ट, कारण व्यापाऱ्याला ती लवकर पटते. समजा, एका कारखानदाराने १०,००,००० रुपयांचे काम घेतले. खर्च वजा जाता त्यात शेकडा ८ प्रमाणे ८०,००० रुपये नफा राहावा असा त्याचा अंदाज आहे. करारान्वये ग्राहकाने शेकडा १० रक्कम, म्हणजे १,००,००० रुपये, काम समाधानकारक पुरे होईपर्यंत राखून ठेवावयाची आहे. माल रवाना झाला, ९,००,००० रुपये हाती आले, आणि कारखानदार दुसऱ्या कामास लागला. त्याच्या समजुतीप्रमाणे काम उरकले. परंतु त्याचा खर्च ९,२०,००० रुपये झालेला आहे. म्हणजे या घटकेस तो २०,००० रुपयांनी तोट्यात आहे, आणि त्याचा सगळा नफा त्या राखून ठेवलेल्या शेवटच्या दहाव्या हिश्श्यात अडकलेला आहे.

हा दहावा हिस्सा का अडकतो? पुष्कळदा ग्राहक खोटा असतो म्हणून नव्हे. कोठे तपासणीचा दाखला पाठवावयाचा राहिलेला असतो, कोठे दोन नग बदलून द्यावयाचे असतात, कोठे जादा कामाचा दर ठरविलेला नसतो. एकेक गोष्ट क्षुल्लक. पण तिच्या नावावर शेवटचे बिल थांबते, आणि थांबलेल्या बिलाला दिवस जात चालले म्हणजे ते देण्याची निकड ग्राहकासही वाटेनाशी होते. ज्या माणसाने काम दिले तो बदलून जातो, नव्या माणसाला मागचे काही ठाऊक नसते. नव्वद हिश्शांचे श्रम करून उरलेल्या दहांसाठी आळस करणे म्हणजे विहीर खणून पाणी लागण्याच्या आधी कुदळ टाकून देण्यासारखे होय.

माल पोचला म्हणजे काम पुरे नव्हे

बेळगावच्या उद्यमबागेत अथवा कोल्हापुरात ओतकामाचे जे कारखाने आहेत तेथील उदाहरण या बाबतीत बोलके आहे. पंपाचे किंवा यंत्राचे ओतीव अंग कारखान्यातून निघते तेव्हा वरून निर्दोष दिसते. ग्राहकाच्या कारखान्यात ते लेथवर चढले, वरचा थर निघाला, म्हणजे कित्येकदा आत दडलेले हवेचे छिद्र उघडे पडते. म्हणजे माल पोचल्याचा दिवस आणि माल चांगला असल्याची खात्री पटण्याचा दिवस हे एक नसतात. यांच्या मधल्या काळात कोणाची जबाबदारी किती, छिद्र निघालेला नग परत कोणाच्या भाड्याने यावयाचा, त्यावर ग्राहकाने केलेल्या यंत्रकामाची मजुरी कोणी सोसावयाची, या गोष्टी काम घेतानाच लिहून ठेवल्या असतील तर शेवट सुखाचा होतो. त्या शेवटी ठरवू म्हटले तर शेवट भांडणाचा होतो.

कायद्यानेही पोच आणि स्वीकार यांत भेद केलेला आहे. १९३० च्या मालविक्री अधिनियमाप्रमाणे खरेदीदाराला माल पाहून घेण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे. मात्र वाजवी काळ लोटूनही नकार न कळविता त्याने माल ठेवून घेतला तर तो त्याने स्वीकारला असे धरले जाते. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी झालेला २००६ चा अधिनियम तर दिवसच मोजून देतो. माल पोचल्यापासून १५ दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस ठरतो. हरकत घेतली, तर ती दूर झाल्याचा दिवस मोजावयाचा. पैसे देण्याची मुदत लेखी ठरली असली तरी ती स्वीकारापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने, व्याज लागते. हे संरक्षण माल तयार करणाऱ्या व सेवा देणाऱ्या लहान उद्योगांसाठी आहे. २०२१ मध्ये घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, ती अग्रक्रम क्षेत्रातील कर्जाच्या सवलतीपुरतीच, हे केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या आमच्या बंधूंनी ध्यानात ठेवावे.

आमचा भर मात्र तिप्पट व्याजावर नाही. माल पाठवून झाल्यावर आठ-दहा दिवसांनी कारखानदाराने स्वतः होऊन ग्राहकास विचारावे : "माल यंत्रावर चढविला काय? काही उणे निघाले काय?" हा प्रश्न विचारण्याची अनेकांना भीती वाटते. विचारले नाही तर दोष निघणारच नाही, अशी त्यांची समजूत असावी. दोष असेल तर तो निघतोच. न विचारल्याने तो उशिरा कळतो आणि वाढून येतो इतकेच.

ग्राहकाची ठेव

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते तिच्याकडे वळू. ओतकामासाठी लाकडाचा किंवा धातूचा एक नमुना लागतो. त्याला कारखान्यात पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबून साचा तयार होतो. हा पॅटर्न बहुधा ग्राहकाने स्वतःच्या पैशाने करवून घेतलेला असतो. काम संपते, आणि पॅटर्न कारखान्याच्या माळ्यावर जातो. पुढे तो पावसाच्या दमटपणाने वाकतो, त्याचे सुटे तुकडे हरवतात, त्यावरील खुणेचा रंग उडतो, आणि पाच वर्षांनी ग्राहकाने मागितला म्हणजे तो नेमका कोणता हे कोणासच सांगता येत नाही. छापखान्यात ग्राहकाचे ठसे, शिंप्याकडे उरलेले कापड, सोनाराकडे मोडीतून उरलेले सोने, इमारतीच्या ठेकेदाराकडे उरलेले लोखंड, आणि आताच्या काळात संगणकावरील आराखडे व त्यांचे संकेतशब्द ही सर्व याच जातीची ठेव होय.

१८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील १६० वे कलम या बाबतीत फार मार्मिक आहे. ज्या कारणासाठी वस्तू सोपविली ते कारण पुरे होताच, किंवा मुदत संपताच, ती वस्तू धन्यास न मागता परत करणे हे ठेवून घेणाराचे कर्तव्य आहे, असे त्याचे तात्पर्य आहे. 'न मागता' हे शब्द वाचकांनी लक्षात घ्यावे. "त्यांनी कधी मागितलेच नाही" हे आपल्याकडील नेहमीचे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. वेळेवर परत न केल्यास त्यानंतरच्या नुकसानीचा भारही ठेवून घेणारावर येतो. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्यात मजुरीच्या कामासाठी पाठविलेला कच्चा माल १ वर्षात आणि भांडवली यंत्रसामग्री ३ वर्षांत परत यावी अशी मुदत आहे. मात्र मोल्ड, डाय, जिग, फिक्स्चर आणि हत्यारे यांना ही मुदत लागू नाही. करकायद्याने तगादा लावला नाही म्हणून ही साधने धूळ खात पडतात. वास्तविक तगादा नाही म्हणूनच त्यांची अधिक काळजी घ्यावयास पाहिजे.

या संदर्भात आपल्या परंपरेतील एका शब्दाची आठवण करून देणे अप्रस्तुत होणार नाही. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या सत्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत 'न्यासापहार' हा एक आहे. न्यास म्हणजे ठेव. पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धि टीकेत त्याचा जो अर्थ दिला आहे तो व्यापाऱ्याने मनन करण्याजोगा आहे. ठेव ठेवणारा आपली संख्या विसरला, आणि त्याने होती त्याहून कमी मागितली. तेव्हा "होय, इतकीच होती" असे म्हणून तेवढीच देणे, हा न्यासापहार. येथे कोणी कुलूप फोडलेले नाही, कोणी वजनात मारलेले नाही. समोरच्याच्या विस्मरणाला नुसती मान डोलविली आहे. तरीही तो दोष सत्याच्या व्रतातच गणला गेला. ग्राहकाचे शंभर किलो लोखंड उरले असता त्याने ऐंशी समजून ऐंशी मागितले, तर आपण काय करतो, हाच सांगतेच्या वेळी आपल्या धंद्यापुढे येणारा प्रश्न होय.

हिशेबाची रुजवात

तिसरी गोष्ट हिशेब. काम चालू असताना किती तरी गोष्टी तोंडी ठरतात. एक नग जादा द्या, रंग बदला, गाडी दुसऱ्या गावी पाठवा. मूळ दरपत्रकात यांतील काहीच नसते. या जादा कामाची आकारणी शेवटच्या बिलात एकदम दिसली म्हणजे ग्राहक चकित होतो आणि आपण अपमानित होतो. त्यासाठी जे जादा ठरले ते त्याच दिवशी एका ओळीने कळवावे, म्हणजे शेवटच्या हिशेबात नवे असे काही उरत नाही.

शेवटचा हिशेब मागे लिहिलेल्या सर्व बिलांची बेरीज नव्हे. त्यात मूळ ठरलेली रक्कम, जादा काम, कमी झालेले काम, परत आलेला माल, वटाव, कसर, मिळालेली प्रत्येक रक्कम तारखेसह आणि शेवटी येणे किंवा देणे, असा सगळा ताळा एका पानावर दिसला पाहिजे. त्यानंतर ग्राहकाच्या वहीशी त्याची रुजवात करावी आणि दोघांच्या सह्या घ्याव्या. उचंत खात्यात टाकलेली रक्कम शेवटी कोणाच्या खाती गेली याचाही उलगडा त्यात असावा. उचंत खाते म्हणजे विसरण्याची सोय नव्हे.

या सह्यांना कायद्यातही किंमत आहे. विकलेल्या मालाची किंमत किंवा केलेल्या कामाची मजुरी मागण्यास १९६३ च्या मुदत अधिनियमाप्रमाणे सामान्यतः ३ वर्षांची मुदत असते. ती संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी लेखी कबुली दिल्यास मुदत नव्याने मोजली जाते. "मागून पाहू" म्हणत चार वर्षे घालविणारा व्यापारी सौजन्याच्या नावाखाली आपला हक्क गमावीत असतो.

अडतीच्या व्यापारात तर हिशेब हाच माल होय. शेतकऱ्याचा तंबाखू, गूळ वा मिरची अडत्याच्या दुकानी विकली गेली, तेव्हा त्याचे काम विक्रीने संपत नाही. करार अधिनियमाच्या २१३ व्या कलमाप्रमाणे अभिकर्त्याने मागणी होताच धन्यास योग्य हिशेब दिला पाहिजे. येथे कायद्याने 'मागणी होताच' म्हटले, ठेवीच्या बाबतीत 'न मागता' म्हटले. कायदा किमान मर्यादा सांगत असतो. पेढीची इभ्रत त्याच्या वर सुरू होते. हिशेबही न मागता दिला जावा, असा आमचा आग्रह आहे.

हिशेब न देण्याची किंमत किती भयंकर होऊ शकते याचा धडा आमच्या प्रांताच्या इतिहासात आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो आसपास पसरला. त्यांचा रोख मुख्यतः सावकारांच्या कर्जरोख्यांवर व हिशेबाच्या कागदांवर होता. ठिकठिकाणी ते हिसकावून जाळण्यात आले. सारावाढ, कापसाच्या भावातील घसरण अशी कारणे अनेक होती. परंतु फेड करूनही कर्ज उभेच राहते, आणि किती फिटले किती राहिले हे ऋणकोला कधी कळत नाही, ही जळजळ त्यांत होतीच. पुढे १८७९ मध्ये जो डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट झाला, त्यात शेतकऱ्याला दिलेल्या पैशाची लेखी पावती, सालोसाल हिशेबाचे उतारे आणि पासबुक मिळण्याचा हक्क घालावा लागला. जी गोष्ट पेढीने आपण होऊन करावयाची ती कायद्याने करवून घ्यावी लागली, यात व्यापारी वर्गाला भूषण वाटण्याजोगे काही नाही. तो काळ गेला. त्यातील शिकवण गेलेली नाही.

आणखी एक सूचना आमच्या सीमाभागातील व दूर वसलेल्या बंधूंसाठी. बेळगाव, निपाणी येथे ग्राहक कानडी वाचणारा असतो, बडोद्यास गुजराती, इंदूर-ग्वाल्हेरास हिंदी. जुन्या वह्या मोडीत असत आणि त्या बाहेरच्याला वाचता येत नसत. कित्येकांना तेच सोयीचे वाटे. शेवटचा हिशेब मात्र ज्याला द्यावयाचा त्याच्या भाषेत व लिपीत असावा. न वाचता केलेली सही म्हणजे रुजवात नव्हे.

शेवटचा कागद

चौथी गोष्ट कागद. सांगतेच्या दिवशी ग्राहकाच्या हाती एकच पत्र पडावे, आणि त्यात पुढील गोष्टी असाव्या : कोणते काम, कोणत्या तारखेस पुरे झाले, काय काय दिले, त्याची यादी, ग्राहकाची कोणती वस्तू परत केली, कोणती त्याच्या सांगण्यावरून ठेवून घेतली व किती दिवस, हिशेबाची अखेर, हमीची मुदत कोणत्या तारखेस संपते, आणि त्या मुदतीत काही बिघडल्यास कोणाकडे यावे. पत्राच्या दोन प्रती, दोहोंवर दोघांच्या सह्या. आपली प्रत व वह्या जपून ठेवाव्या. वस्तू व सेवा कराच्या नियमाप्रमाणे हिशेबाची दफ्तरे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावीच लागतात.

'पूर्ण व अंतिम' हे शब्द लिहिताना मात्र दोघांनीही थांबून विचार करावा. ठरल्यापेक्षा कमी रक्कम समाधानपूर्वक घेऊन बाकी सोडून देण्यास करार अधिनियमाचे ६३ वे कलम मोकळीक देते. म्हणून जे खरोखर सोडावयाचे आहे तेच सोडल्याचे लिहावे. जे सोडावयाचे नाही त्याचा स्पष्ट उल्लेख करून, हक्क राखून रक्कम घ्यावी. अडचणीत सापडलेल्या लहान कारखानदाराकडून अर्ध्या पैशावर 'पूर्ण व अंतिम' लिहून घेणारा ग्राहक त्या दिवशी पैसा वाचवितो आणि एक विश्वासू माणूस कायमचा गमावतो.

शेवट कडू असेल तर

सर्वच कामांचा शेवट गोड होत नाही. बिल अडते, शब्दाला शब्द लागतो, आणि मग "पैसे टाका व पॅटर्न घेऊन जा" असे उत्तर ओठांवर येते. करार अधिनियमाच्या १७० व्या कलमाने श्रम वा कौशल्य खर्च करणारास वस्तू राखून ठेवण्याचा हक्क दिला आहे हे खरे. परंतु तो ज्या वस्तूवर ते कौशल्य खर्ची पडले तिच्यापुरता आहे, आणि करारात उलट काही नसेल तर. दुरुस्तीस आलेला पंप मजुरीसाठी राखणे वेगळे. ज्याच्या साहाय्याने काम केले ते ग्राहकाचे साधन ओलीस धरणे वेगळे. या दुसऱ्या मार्गाने जाण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. आणि त्याहून आधी स्वतःच्या मनाचा घ्यावा. ज्याचे देणे आपण चोख देऊन टाकले त्याच्याकडे आपले येणे मागताना आवाज खाली जात नाही. ठेव परत करून मग तगादा लावणारा माणूस लवादापुढेही ताठ उभा राहतो.

पुढच्या पिढीसाठी

अर्धवट राहिलेले काम मालकाच्या हयातीत केवळ त्रासदायक असते. त्याच्या मागे ते घातक होते. ज्याच्या स्मरणात सर्व काही होते तो माणूस गेला म्हणजे मुलाला माळ्यावरील पॅटर्न कोणाचे हे कळत नाही, वहीतील अमुक रक्कम ठेव की मिळकत हे कळत नाही. वडिलांचे येणे बुडते, आणि वडिलांचे देणे मात्र लोक आठवण ठेवून मागतात. भाऊबंदकीचे कित्येक वाद इस्टेटीवरून सुरू झाल्यासारखे दिसतात, पण खोलात शिरले तर मुळाशी न मिटलेली खातीच सापडतात. आपल्या मुलाबाळांस काय द्यावे याचा आपण रात्रंदिवस विचार करतो. मिटलेल्या खात्यांची वही ही त्यांना देता येण्यासारखी एक मोठी इस्टेट आहे.

यासाठी फार खटाटोप नको. प्रत्येक पेढीने व कारखान्याने पाडव्याच्या वहीपूजनापूर्वी एक दिवस राखून ठेवावा. त्या दिवशी नवे काम घेऊ नये, नवा माल पाठवू नये. गतवर्षी पुरी झालेली म्हणून समजली गेलेली कामे एकेक करून काढावी, आणि प्रत्येकापुढे चार प्रश्न विचारावे : माल पसंत पडला काय? ठेव परत गेली काय? हिशेब रुजू झाला काय? शेवटचा कागद दोघांकडे आहे काय? ज्याचे चारही उत्तर 'होय' असेल त्या कामावर रेघ ओढावी. उरलेल्यांपैकी प्रत्येक ग्राहकाला त्याच दिवशी एक पत्र जावे, आणि त्या पत्राची सुरुवात आपल्या येण्याने न करता त्याचे जे आपल्याकडे आहे त्याने करावी. ते पत्र वाचणारा ग्राहक पुढचे काम कोणाला देईल, हे आमच्या व्यापारी बंधूंना सांगणे न लगे.